सील न झालेलं पान

तासगावच्या शीतगृहात भूपाल मगदूम चौथ्यांदा आला तेव्हा मालक दादासो खराडेंनी त्याला चहाही विचारला नाही. बेदाण्याच्या खोक्यांच्या थप्प्यांमधून त्यांनी त्याला थेट तीन नंबरच्या खोलीपाशी नेलं आणि दाराशेजारच्या, खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडे नुसतं बोट दाखवलं.

"परत बसलं हे. सोळा तास खोली गरम. आतला माल काळा पडायला लागलाय."

"नोंद काढली?"

"काढून काय करायची, पाठ झालीय मला. शेवटची ओळ तीच. दार उघडले, हसीना मुलाणी. त्याच्या पुढं काही नाही. चारही वेळेला तीच बाई."

"तिला विचारलंत?"

"काय विचारायचं? ती म्हणणारच, दार उघडलं, खोकी काढली, परत लावलं. लावल्याचं नोंदीत कुठाय? परवापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. तक्रार केली नाही हे उपकार समजावेत तिनं."

भूपालने मान डोलावली. एरवी त्यालाही हे पटलं असतं. अठ्ठावीस वर्षं तो नियंत्रक दुरुस्त करत होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि सांगलीपासून जतपर्यंत कुठंही यंत्र बसलं की त्याला बोलावणं यायचं. यंत्र आपण काय करतोय ते एका तारेवरून ओळीओळीने लिहून पाठवत असतं. ते बंद पडलं की शेवटची ओळ वाचायची, दोष तिथंच सापडतो, हे तो त्याच्या उस्तादाकडून शिकला होता आणि पुढे त्याने कितीतरी पोरांना शिकवलं होतं. माणसाला विचारत बसू नका, यंत्राला विचारा, असं तो त्यांना सांगायचा.

पण तीन वेळा वाटेल ते बदलून झालं होतं. दाराचा सेन्सर नवा होता, वायरिंग नवं होतं, पुरवठ्याचा बोर्ड नवा होता. आता त्याने वेगळं करायचं ठरवलं. कंपनीकडून मागवलेली प्रोग्रॅमची प्रत त्याने लॅपटॉपवर उघडली आणि कामाच्या प्रत्येक टप्प्यानंतर एक जादा ओळ छापायला लावली. टप्पा एक झाला, टप्पा दोन झाला, असं साठपर्यंत. आणि केवळ सवय म्हणून, बोर्डावर आकडे दाखवणारे दोन छोटे दिवे जोडून प्रत्येक टप्प्याला ते पुढच्या आकड्यावर जातील अशी सोय केली. मग स्टूल ओढून तो यंत्र परत बसायची वाट पाहत राहिला.

वाट पाहताना हात मोकळे राहायचे, आणि हात मोकळे राहिले की बायको, अंजना, आठवायची. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

अंजनाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा त्यांनी घरीच डायलिसिसचं यंत्र घेतलं. आठवड्यातून तीन वेळा मिरजेला जाण्याने ती फार थकायची. यंत्र चालवायला प्रमाणपत्र असलेलं माणूस घरात लागतं. मुलगी त्रिशला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिने सहा आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि आईचं सगळं अंगावर घेतलं. दीड वर्ष सुरळीत गेलं. मग एका मंगळवारी दुपारी, भूपाल वर्कशॉपवर असताना, घरातली वीज गेली आणि पाऊण तासाने त्रिशलाचा फोन आला. ती फोनवर काही बोललीच नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

चौकशी झाली. ती होणारच होती, कारण सहा वर्षांपूर्वी साक्षनोंद कायदा आला होता. माणसाच्या जिवाशी किंवा मोठ्या मालाशी संबंध असलेल्या प्रत्येक यंत्राने आपली नोंद सील करून ठेवायची आणि वाद झाला तर ती नोंद हाच पुरावा. सुरुवातीला लोकांना हायसं वाटलं. साक्षीदारांची फोडाफोडी गेली, वर्षानुवर्षांच्या तारखा गेल्या. अर्ध्या तासात निकाल लागू लागले. हळूहळू ते बोलण्यातही शिरलं. उशिरा घरी आलेल्या नवऱ्याला बायका विचारायच्या, नोंदीत आहे का? शाळेत मास्तर पोरांना तेच विचारायचे. सगळे हसायचे, आणि हसता हसता तशी सवय होऊन गेली.

अंजनाच्या यंत्राची शेवटची ओळ होती: १४:३७, घंटी बंद केली, त्रिशला मगदूम. त्यापुढची ओळ १४:५८ ची, यंत्र सुरू झाले. मधली एकवीस मिनिटं कोरी. नळीत रक्त गोठलेलं सापडलं. हाताने पंप फिरवायचं हँडल त्याच्या खोबणीत जागेवर होतं. त्रिशलाचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, म्हणजे ती स्वयंपाकघरात असावी, असं अहवालात लिहिलं होतं.

सुनावणीत त्रिशला म्हणाली होती, "घंटी आधी बंद करायची आणि मग हँडल घ्यायचं, हे प्रशिक्षणातच शिकवलंय. मी हँडल फिरवत होते. अर्धं रक्त परत गेलं, मग गाळणीत गुठळी झाली. अप्पा, मी हँडलच फिरवत होते हो."

"मग ते नोंदीत का नाही?" भूपालने विचारलं होतं. सगळ्यांसमोर.

अधिकारी बाईंनी मग त्यालाच विचारलं. "तुम्ही याच व्यवसायातले आहात. या नोंदीत काही फेरफार दिसतो?"

"नाही."

"नोंद पूर्ण आहे, असं तुमचं मत आहे?"

त्याने त्रिशलाकडे बघितलं होतं. ती त्याच्याकडेच बघत होती, शाळेत स्टेजवर उभी राहून बघायची तशी. त्याने तो कागद परत एकदा वाचला. सील होतं, सह्या जुळत होत्या.

"हो. पूर्ण आहे," तो म्हणाला होता.

त्यानंतर बापलेकीचं बोलणं झालं नाही. तिचं कॉलेज सुटलं, प्रमाणपत्र गेलं. ती इचलकरंजीला कुणा मैत्रिणीकडे राहायला गेली. घर दोन माणसांनी रिकामं झालं, एवढं त्याला कळत होतं. त्यातलं एक आपण घालवलं असेल असं त्याच्या मनात येत नव्हतं. त्याला तिचा रागच यायचा. आई गेली ते गेली, पण खोटं का बोलली, असं तो एकटाच ताटावर बसून मनात म्हणायचा.

दुपारी साडेतीनला शेजारच्या खोलीचा मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला, दिवे क्षणभर मंद झाले आणि तीन नंबरचा नियंत्रक बसला.

भूपालने आधी बोर्डावरचे दिवे पाहिले. ते त्रेपन्नवर थांबले होते. मग त्याने लॅपटॉपवरची नोंद पाहिली. ती एकतीसवर थांबली होती.

तो स्टुलावरून उठला नाही. परत दिव्यांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. दिवे खोटं बोलू शकत नव्हते. चिपच्या पिनेला वीज मिळाली की दिवा लागतो, मध्ये कुणी नाही. म्हणजे यंत्राने त्रेपन्न टप्पे पुरे केले होते आणि लिहिले मात्र एकतीस होते. बावीस ओळी लिहून झाल्या होत्या आणि कुठंच नव्हत्या.

त्याने प्रोग्रॅम खाली सरकवत सरकवत, नोंद जिथून बाहेर जाते ती जागा शोधली. आजवर ती जागा बघायची गरजच कधी पडली नव्हती. नळ सोडल्यावर पाणी येतं, तशी ओळ छापली की ती बाहेर येते, असं तो धरून चालला होता.

तिथं जे होतं ते अगदी साधं होतं. यंत्र ओळ लिहितं ती थेट तारेवर जात नाही. ती आधी बफरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत पडते. टपालपेटीत पत्र टाकावं तशी. पोस्टमन येऊन पेटी रिकामी करेपर्यंत पत्र पेटीतच असतं, आणि त्याआधी पेटीला आग लागली तर ते पत्र कुणी लिहिलंच नव्हतं असं होतं. जुन्या यंत्रांत पेटी छोटी होती, क्षणोक्षणी रिकामी व्हायची, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. कायदा आल्यावर ओळीला सील लावणं आलं. एकेका ओळीला सील लावत बसलं तर चिप दमते, वेळ जातो. म्हणून कंपन्यांनी तीस ओळींचं एक पान धरलं. पान भरलं की एकदाच सील करून पाठवायचं. मधेच वीज गेली तर अर्धं पान सील झालेलं नसतं, आणि सील नसलेला मजकूर पुरावा नाही असं कायदाच सांगतो. म्हणून यंत्र परत सुरू झालं की पहिलं काम काय करतं, तर ते अर्धं पान पुसून टाकतं.

इथपर्यंत त्याला समजलं. पण खरी गोष्ट पुढच्या चार ओळींत होती.

माणसाने काही केलं, बटण दाबलं, दार उघडलं, तर पान भरायची वाट बघायची नाही. ते तिथंच बंद करून लगेच सील करायचं. माणसाचं कृत्य निसटता कामा नये, असं कायद्यात कलम होतं, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते इमानाने पाळलं होतं. यंत्राने स्वतः काही केलं तर मात्र ते पानात पडून राहायचं. दार उघडायला नावाचं कार्ड लागायचं, म्हणून ते माणसाचं. लावायला काहीच लागायचं नाही, म्हणून दार लागल्याची ओळ यंत्राची.

म्हणजे माणसाने काही केल्यावर पुढचं पान भरायच्या आत यंत्र कशानेही मेलं तरी शेवटची राहिलेली ओळ माणसाचीच असणार. दर वेळी. सगळीकडे.

भूपालने प्रत्येक ओळीनंतर पेटी रिकामी करायचा हुकूम त्या प्रोग्रॅममध्ये घातला, यंत्र सुरू केलं, दार एकदा उघडून लावायला सांगितलं आणि शेजारचा कॉम्प्रेसर मुद्दाम चालू करायला लावला. यंत्र बसलं. या वेळी नोंद त्रेपन्नला थांबली. मधल्या ओळींत सगळं होतं. दार बंद झाले. तापमान ठीक. शेवटची ओळ: विद्युतदाब कमी.

दादासोंनी चष्मा लावून ती वाचली. "म्हणजे कॉम्प्रेसरचा दोष."

"कॉम्प्रेसर सुरू होताना दाब पडतो. हसीनानेही दार लावलंच असणार. लावल्याची ओळ हे बघा, इथं आहे."

"हे तुम्ही आत्ता घातलेल्या प्रोग्रॅमनं सांगितलं. आधीच्या सील नोंदीत नाही ना?"

"नाही. ते पुसलं गेलं."

"मग मगदूम, मी विमावाल्याला काय दाखवू?" त्यांनी चष्मा काढला. "बाईला बघू नंतर. आता तिच्या जागी दुसरी घेतलीय."

भूपाल त्यांच्याशी भांडला नाही. दादासो जे बोलत होते ते त्याने अकरा महिन्यांपूर्वी स्वतःच सांगितलं होतं, तेही आपल्या पोरीच्या तोंडावर.

तासगावहून निघताना रस्त्यावर ऊन होतं. घरी पोचून त्याने चपला काढल्या, पाणीही न पिता आतल्या खोलीत गेला आणि यंत्रावरची चादर ओढली. चौकशीनंतर त्यांनी ते परत आणून दिलं होतं. विकायला त्याचं मन झालं नव्हतं.

त्याने नळ्या लावल्या, रक्ताच्या जागी मिठाचं पाणी भरलं, अंजनाच्या पलंगावर बादली ठेवून नळीची टोकं तिच्यात सोडली. पंप सुरू झाला. पाच मिनिटं चालू दिला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पंप थांबला, घंटी वाजायला लागली. त्या घंटीचा आवाज त्याने घरात कधीच ऐकला नव्हता. यंत्राचा पडदा आतल्या छोट्या बॅटरीवर चालू होता. त्याने घंटी बंद केली. शेवटची ओळ.

मग त्याने बाजूच्या खोबणीतून हँडल काढलं, पंपाच्या तोंडात बसवलं आणि फिरवायला लागला. पडद्यावर ओळी येत होत्या: पंप हाताने फिरत आहे. पंप हाताने फिरत आहे. दर अर्ध्या मिनिटाला एक. तो मोजत होता. हँडलची मूठ गुळगुळीत प्लास्टिकची होती, तीन मिनिटांत तळहाताला घाम सुटला आणि ती निसटायला लागली. पाचव्या मिनिटाला खांदा भरून आला. दहाव्या मिनिटाला, एकविसाव्या ओळीला, बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. तरी पंप हाताने फिरत होताच. तो आणखी थोडा वेळ फिरवत राहिला. तिनेही फिरवला असणार, पडदा गेल्यावर.

वीज चालू केली. यंत्र जागं झालं. त्याने नोंद उघडली. घंटी बंद केली. आणि त्याखाली, यंत्र सुरू झाले.

मधे काही नव्हतं.

मग, विचार चालू असताना हात आपलं काम करतात तसं, त्याने हँडल पंपातून काढलं, मूठ सदऱ्याला पुसली आणि खोबणीत बसवलं. खट् असा आवाज झाला.

तो आवाज त्याने या खोलीत आधी ऐकला होता.

त्या मंगळवारी तो धावत आला होता. त्रिशला भिंतीला टेकून खाली बसलेली. अंजनाच्या तोंडावर त्याने हात फिरवला, तिची साडी नीट केली. नंतर बाहेर माणसांचे आवाज आले. आणि मग त्याने काय केलं? पलंगावर अंजनाच्या पायापाशी काहीतरी पडलं होतं, त्याने ते उचललं. त्याच्या उस्तादाच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर फळी होती, फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. काम संपलं, जेवायची सुट्टी झाली, कुणाचा हात कापला, काहीही होवो, हत्यार आकृतीवर गेलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षं त्याने कुठलंच हत्यार पडलेलं राहू दिलं नव्हतं. त्याने ते हँडल उचललं होतं. त्याच्या मुठीला रुमाल अडकलेला होता. तो सोडवून त्याने खिशात कोंबला, मूठ पुसली आणि हँडल खोबणीत बसवलं. खट्.

अर्ध्या तासाने नोंद कार्यालयाची माणसं आली आणि त्यांनी लिहून घेतलं: हँडल जागेवर आढळले.

त्याने अंजनाचं कपाट उघडलं. धुण्याबरोबर धुऊन आलेला तो रुमाल तिच्या पोलक्यांवर घडी करून ठेवलेला होता. घडी त्यानेच घातली असणार. पांढरा, कडेला अंजनाने हिरव्या दोऱ्याची वीण घातलेला. त्रिशलाला असे सहा करून दिले होते तिने, कॉलेजला जाताना.

दुसऱ्या दिवशी तो इचलकरंजीला गेला. त्रिशला दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात घड्या घालायला होती, एवढं त्याला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. बायका बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसल्या. ती सगळ्यात शेवटी आली, हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवून. वाळली होती. साबणाने हात पांढरे पडले होते.

"अप्पा," ती म्हणाली. नवल वाटल्यासारखं नाही, राग नाही.

"जेवलीस?"

"डबा आहे. तुम्ही?"

"मला नको."

ती पायरीवर बसली, डबा उघडला. तो एक पायरी सोडून बसला. काल रात्रभर त्याने बोलणं जुळवलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"त्रिशा, नोंद अपुरी होती."

त्याने तिला सगळं सांगितलं. पेटी, पान, सील, एकवीस ओळी. ती भाकरी खात ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "बरं."

"बरं काय? तू खरं बोलत होतीस."

"मी काय बोलले होते?"

त्याला वाटलं ती टोमणा मारतेय. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खरोखर विचारत होती.

"हँडल फिरवत होतीस म्हणालीस."

"हो, असं म्हणायचे मी आधी." तिने पाण्याची बाटली उघडली. "निकालानंतर शिबिराला जावं लागतं ना, तुम्हाला माहीत नसेल. बारा बैठका. दर बैठकीत नोंद मोठ्याने वाचायची आणि म्हणायचं, मी घंटी बंद केली आणि पुढे काही केलं नाही. पहिल्या पाच वेळा मी हँडलचं सांगितलं. त्या बाई चांगल्या होत्या हो, कधी आवाज चढवला नाही. म्हणायच्या, धक्का बसला की मन गोष्टी रचतं, स्वतःला वाचवायला. सहाव्या वेळेपासून मला दिसायला लागलं. मी खुर्चीत बसलेय, फोन बघतेय."

"फोन स्वयंपाकघरात होता."

"माहितेय. पण मला हातात दिसतो." ती पाणी प्यायली. "हँडलचं आता दिसत नाही. आठवायला गेलं की ते कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतं."

कारखान्याच्या आतून मोठ्या यंत्रांची घरघर येत होती.

"तुम्ही पूर्ण आहे म्हणालात ना," त्रिशला म्हणाली, "तेव्हाच मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असणार. अप्पांना यंत्रातलं कळतं."

"मला कळत नव्हतं."

तिने बाटलीचं झाकण लावलं.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "ते मी केलं. तू ऐक आणि मग काय म्हणायचं ते म्हण. मी आलो तेव्हा हँडल जागेवर नव्हतं. आईच्या पायाशी पडलं होतं. मी उचललं आणि लावून टाकलं. ती माणसं यायच्या आधी."

"का?"

"का असं काही नाही. हत्यार पडलेलं दिसलं, लावलं. लावलं हेही काल आठवलं."

"पायाशी," ती म्हणाली.

"आणि मूठ निसटते म्हणून तू हा गुंडाळला होतास."

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या पुढ्यात धरला. तिने तो लगेच घेतला नाही. आधी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले. मग घेतला. हिरव्या विणीवरून अंगठा फिरवला. उजव्या तळहाताभोवती एक वेढा घेतला आणि थांबली. तो वेढा सोडला. रुमाल डाव्या हाताला गुंडाळला, दोन वेढे, टोक अंगठ्याखाली दाबून, भरभर, ठाऊक असल्यासारखं. आणि मूठ वळून मनगट हळूहळू फिरवायला लागली.

"डाव्यानं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "डाव्यानं फिरवत होते. म्हणून निसटत होतं. उजवा आईनं धरला होता." मनगट फिरतच होतं. "सोडत नव्हती. फोन आणायला जाते म्हटलं, तर सोडला नाही. मग मी गेलेच नाही."

भूपालने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच थांबवला. तिला ते चालेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

"मी लिहून देतो," तो म्हणाला. "नोंद कार्यालयाला. पेटीचं, हँडलचं, सगळं. माझ्या सहीने."

"अपिलाची मुदत नव्वद दिवस होती. आणि ते काय विचारतील, तुम्हाला माहितेय."

"माहितेय. तरी देतो."

"द्या." तिने डोळे पुसले, त्याच रुमालाने, हाताला गुंडाळलेला होता तसाच. "तुम्ही मला त्याच दिवशी घरी विचारलं असतंत ना अप्पा, एकदा. काय झालं गं म्हणून. हँडल कुठं पडलंय ते तेव्हा मला माहीत होतं."

आतून भोंगा वाजला. बायका उठल्या, पदर झटकत आत जायला लागल्या. त्रिशला उठली नाही. तिचं मनगट अजून फिरत होतं आणि तो ते बघत होता. सगळ्या आत गेल्यावर ती उठली, डबा घेतला.

"हा राहू दे माझ्याकडे," ती रुमालाचं म्हणाली.

"तुझाच आहे."

"रविवारी सुट्टी असते मला," ती म्हणाली. येते म्हणाली नाही, या म्हणाली नाही.

दाराशी जाऊन तिने यंत्रावर बोट ठेवलं. यंत्राने आवाज केला आणि पडद्यावर ओळ उमटली. भूपालला ती पायरीवरून वाचता आली. १३:०२, त्रिशला मगदूम, दोन मिनिटे उशीर, कारण नाही. माणसाची ओळ होती. लगेच सील झाली.